आत्महत्या-प्रतिबंधाचं संशोधन शिकवणारा ऑनलाइन कोर्स : एका हेल्पलाइन स्वयंसेविकेचा अभिप्राय

हा कोर्स करावा का, असं सोबतच्या बऱ्याच स्वयंसेवकांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. करा, जरूर करा. आत्महत्येबद्दल जगभर झालेलं संशोधन कसं झालं, त्यातल्या कशावर विसंबायचं आणि कशावर नाही, हे इतकं नीट उलगडून सांगणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. शेवटच्या परीक्षेबद्दल मात्र माझी मोठी तक्रार आहे, ती पुढे येईलच.

मी हेल्पलाइनवर संध्याकाळची शिफ्ट करते. त्याआधी वर्षानुवर्षं शाळेत गणित शिकवलं. फोनवर कसं ऐकायचं, काय विचारायचं, काय टाळायचं याचं प्रशिक्षण आम्हाला मिळतं. पण असंच का करायचं, याचं उत्तर त्यात क्वचित असतं. सुपरव्हिजनमध्ये कुणी विचारलंच तर ‘संशोधन असं सांगतं’ एवढ्यावर विषय संपतो. कोणतं संशोधन? कुणावर केलेलं? किती माणसांवर? मला ते जाणून घ्यायचं होतं. समुपदेशक, नर्स, शिक्षक, आमच्यासारखे स्वयंसेवक, म्हणजे ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध येतो पण संशोधनाशी ओळख नाही, अशांसाठीच हा कोर्स आखलाय. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, वाचायचं साहित्य आणि दर आठवड्याला एक थेट चर्चा. या धर्तीचे कोर्स आता बऱ्याच संस्था चालवतात, त्यामुळे नाव न घेता लिहिते. निवड करताना काय बघायचं, ते यातून कळलं तरी पुरे.

सुरुवात आकडेवारीने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ७ लाख २७ हजार माणसं आत्महत्येने गेली. १५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचं हे तिसऱ्या क्रमांकाचं कारण, आणि एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. हे आकडे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेले असतात. मी थबकले ती दुसऱ्या एका पाहणीपाशी. मॅथ्यू नॉक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १७ देशांतल्या ८४,८५० प्रौढांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा गंभीर विचार आलेले त्यात ९.२ टक्के होते, प्रयत्न केलेले २.७ टक्के. म्हणजे ज्यांच्या मनात हा विचार येतो त्यातली बहुसंख्य माणसं प्रयत्नापर्यंत जात नाहीत. विचार कशामुळे येतो आणि विचाराचं कृतीत रूपांतर कशामुळे होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं कोर्स इथेच स्पष्ट करतो आणि शेवटपर्यंत तो फरक सोडत नाही. हेल्पलाइनवर बसणाऱ्याला याचा फार आधार वाटतो. समोरचा माणूस ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणाला की नव्या स्वयंसेवकाच्या पोटात गोळा येतो. पण त्या वाक्यापासून पुढे जाण्याचे रस्ते अनेक आहेत आणि बहुतेक जगण्याकडे जातात, हे पक्कं माहीत असलं की ऐकणं शांतपणे होतं.

दुसरा भाग ‘सायकॉलॉजिकल ऑटोप्सी’चा. गेलेल्या माणसाशी बोलता येत नाही, म्हणून त्याचे आईवडील, जोडीदार, मित्र, डॉक्टर यांच्याशी बोलून शेवटचा काळ जुळवायचा. या पद्धतीची मुळं १९५०च्या दशकातली. लॉस एंजेलिसमध्ये एडविन श्नाइडमन, नॉर्मन फारबेरो आणि रॉबर्ट लिटमन यांचं आत्महत्या-प्रतिबंध केंद्र १९५८ साली उभं राहिलं आणि संशयास्पद मृत्यूंचा उलगडा करायला तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, त्यांची मदत घेतली. त्याच सुमाराला सेंट लुईसमध्ये इली रॉबिन्स यांनी लागोपाठच्या १३४ आत्महत्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त जणांनी आपला विचार कुणाला तरी बोलून दाखवला होता. ‘बोलणारे करत नाहीत’ हा समज आजही सर्रास ऐकू येतो. तो खोटा असल्याचं इतक्या वर्षांपूर्वी दिसून आलं होतं.

या भागात एक मुलाखत अभिनयातून दाखवली आहे, आणि संपूर्ण कोर्समधलं माझ्या मते सर्वांत मोलाचं ते तेवढं. मुलाखत घेणारी बाई फॉर्म उघडतच नाही. आईला आधी विचारते, ‘तुमचा मुलगा कसा होता, सांगाल?’ आई त्याच्या लहानपणापासून सुरू करते, मध्येच हसतेही. बऱ्याच वेळाने मग मागच्या सहा महिन्यांचा काळ, त्यानंतर महिना, त्यानंतर आठवडा. ‘जेवण कमी झालं होतं,’ आई म्हणते. बाई विचारते, ‘हे तुम्हाला तेव्हा जाणवलं होतं, की आता आठवताना जाणवतंय?’ आई खूप वेळ काहीच बोलत नाही. मग म्हणते, ‘आता.’ त्या एका उत्तरात या पद्धतीचं बळ आहे आणि मर्यादाही. मृत्यू आत्महत्येने झाला हे ठाऊक असल्यावर मागचं सगळंच लक्षण वाटू लागतं. तेच ‘जेवण कमी झालं’ एका संशोधकाच्या तक्त्यात नैराश्याचं चिन्ह ठरतं आणि दुसऱ्याच्या तक्त्यात काहीच ठरत नाही.

आत्महत्येने गेलेल्या ९० टक्के लोकांना मानसिक आजार असतो, हे वाक्य याच पद्धतीच्या अभ्यासांतून आलं. कोर्स ते तसंच पुढे रेटत नाही, हे मला फार आवडलं. मायकेल फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये चीनमधल्या ५१९ आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हे प्रमाण ६३ टक्के निघालं. हाइडी येल्मेलांड आणि सहकाऱ्यांनी तर २०१२ मध्ये, नातेवाइकांच्या आठवणींवरून गेलेल्या माणसाचं निदान करताच येत नाही, असा थेट आक्षेप घेतला. आजार महत्त्वाचा आहेच, पण भांडण, कर्ज, मार खाणं, अपमान, एकटेपण यांना आजाराच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही. फोनवर आम्ही हे रोज ऐकतो.

सिद्धांतांचा भाग मला जरा लांबलेला वाटला. एमिल दुर्खीमपासून सुरुवात करून सगळ्यांना हजेरी लावायचा आग्रह दिसतो. त्यातले दोन मात्र मी कायमचे घेतले. थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेला आणि पुढे सहकाऱ्यांसोबत विस्तारलेला: ‘मी कुणाचाच नाही’ आणि ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ या दोन भावना एकत्र आल्या आणि त्या कधी बदलतील असं वाटेनासं झालं की मरणाची इच्छा तयार होते, प्रत्यक्ष कृतीला आणखी काही वेगळं लागतं. दुसरा रोरी ओ’कॉनर यांचा, २०११चा: हरल्याची भावना आणि अडकल्याची भावना, बाहेर पडायला वाटच नाही असं वाटणं. हे सिद्धांत माझ्या कामाला येतात कारण ते मला प्रश्न देतात. ‘ओझं’ हा शब्द कॉलरच्या तोंडून आला की आता मी तिथेच थांबते. कुणाला ओझं वाटतं, तसं कुणी बोललं का, की आतून वाटतंय, हे विचारते. बोलणं तिथून खुलतं.

आता अंदाजाचा भाग. कोण करेल हे आधीच ओळखता आलं तर सगळं सोपं होईल, असं सगळ्यांनाच वाटतं. जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून पाहिले. ठरावीक जोखीम-घटकांवरून केलेला अंदाज नाणेफेकीपेक्षा जेमतेम सरस ठरत होता, आणि पाच दशकांत त्यात सुधारणाही झाली नव्हती. व्याख्यात्याने हे सांगितलं, पण का ते घाईत उरकलं. चर्चेत मी फळ्यावर मांडून दाखवलं, तेच इथे मांडते. एक लाख लोक घ्या, त्यातले वर्षभरात १० आत्महत्येने जाणार आहेत असं धरा. आपल्याकडे एक चांगली चाचणी आहे: ती त्या १० पैकी ८ जणांना ओळखते आणि उरलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांवर चुकून ‘धोका’ असा शिक्का मारते. उरलेले ९९,९९० आहेत. त्यांचे १० टक्के म्हणजे ९,९९९. शिक्का बसलेले एकूण १०,००७, त्यात खरे ८. आणि दोन जण ‘धोका नाही’ हा शिक्का घेऊन घरी गेले. दोष चाचणीचा कमी आणि घटनेच्या विरळपणाचा जास्त. म्हणूनच आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की पुढे आत्महत्या होईल का हे वर्तवायला अशा मोजपट्ट्या वापरू नका, माणसांना कमी-मध्यम-जास्त धोका अशा गटांत टाकू नका, आणि कुणाला मदत द्यायची हे त्यावरून ठरवू नका. त्याऐवजी त्या माणसाच्या गरजा काय आहेत आणि त्याला सुरक्षित कसं राहता येईल, याकडे लक्ष द्यायचं.

याला जोडूनच मोबाइलवरून केलेल्या अभ्यासांचा छोटा भाग आहे. सहभागी माणसाच्या फोनवर दिवसातून अनेकदा प्रश्न येतात: आत्ता, या क्षणी, विचार किती तीव्र आहे? इव्हान क्लाइमन, नॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असे आलेख प्रसिद्ध केले. तीव्रता काही तासांत चढते आणि काही तासांत उतरते. आठवड्यातून एकदा प्रश्नावली भरून घेणाऱ्याला हे दिसणारच नाही. मला तो आलेख पाहून आमच्या फोनच्या वेळा आठवल्या. तासभर कुणीतरी सोबत असण्याला किती किंमत आहे, हे त्या वेड्यावाकड्या रेषेत दिसतं.

आणि मग येतो संपर्काचा भाग. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोट्टो या मनोविकारतज्ज्ञाने, नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या किंवा सोडलेल्या ८४३ जणांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. पत्रात काय? बरे असाल अशी आशा, आणि काही कळवावंसं वाटलं तर आम्हाला आनंदच होईल, इतकंच. ‘अपॉइंटमेंट घ्या’ असं नाही, ‘गोळ्या घेताय का’ असंही नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटातल्या आत्महत्या लक्षणीयरीत्या कमी होत्या. पुढे तो फरक हळूहळू पुसट झाला. अलेक्झांड्रा फ्लाइशमन यांनी २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी प्रसिद्ध केलेला प्रयोग तर ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन या पाच देशांत झाला. प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेले १,८६७ जण. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्यासोबत तासभराचं बोलणं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. आत्महत्येने झालेले मृत्यू नेहमीच्या गटात २.२ टक्के, संपर्काच्या गटात ०.२ टक्के.

संपर्काच्या इतर प्रयोगांत प्रत्येक वेळी असं लखलखीत यश आलेलं नाही, हेही कोर्सने लपवलेलं नाही. तरी मला वाटतं, फॉलोअप कॉल हे हेल्पलाइनवर सर्वांत कंटाळवाणं मानलं जाणारं काम आहे आणि पुराव्याच्या बाजूने पाहिलं तर ते सर्वांत वर असायला हवं. ज्याने पुन्हा फोन करायला परवानगी दिलीय, त्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोन गेलाच पाहिजे. आमच्या बैठकीत मी हा अभ्यास छापून नेला होता.

‘विचारलं तर डोक्यात भरवलं जाईल’ या भीतीचाही इथे नीट निकाल लागतो. मॅडलिन गोल्ड यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांत त्रास वाढला नाही. आधीच खचलेल्या मुलांना तर थोडं बरंच वाटल्याची चिन्हं होती. तेव्हा स्पष्ट विचारा: ‘तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतोय का?’ आडवळणाने नको.

सेफ्टी प्लॅनचा सराव प्रत्येकाला स्वतःसाठी करावा लागतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेला हा एका कागदाचा आराखडा: माझी धोक्याची चिन्हं कोणती, एकट्याने काय केलं की मन वळतं, कुठे गेलं, कुणाबरोबर बसलं की लक्ष दुसरीकडे जातं, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत, आणि घर सुरक्षित कसं करायचं. वाचायला सोपं वाटतं. पण चौथ्या रकान्यात नाव लिहायची वेळ आली आणि माझं पेन थांबलं. ज्यांच्याशी गप्पा होतात ती माणसं पुष्कळ; रात्री दोनला जिला हे सांगता येईल अशी किती? तो रकाना रिकामा असणाऱ्या कॉलरला ‘कुणाशी तरी बोला ना’ म्हणणं किती पोकळ आहे, हे तेव्हा लख्ख कळलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपत्कालीन विभागातून असा आराखडा आणि नंतर फोन मिळालेल्या माजी सैनिकांत सहा महिन्यांतलं आत्महत्याविषयक वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतं. तो चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, हे व्याख्यात्याने आवर्जून सांगितलं. असा खरेपणा सगळ्या प्रशिक्षणांत हवा.

शिक्षकांनी युरोपातल्या ‘सेले’ प्रयोगाचं व्याख्यान चुकवू नये. दहा देश, १६८ शाळा, ११,११० मुलं. एका गटात शिक्षकांना धोका ओळखायचं प्रशिक्षण, दुसऱ्यात मुलांची तपासणी करून तज्ज्ञांकडे पाठवणं, तिसऱ्यात मुलांनाच भूमिकानाट्य आणि चर्चेतून मनाच्या आरोग्याबद्दल बोलतं करणं. २०१५ मध्ये निकाल आला: वर्षाच्या शेवटी आत्महत्येचे नवे प्रयत्न तिसऱ्या गटात तुलनेच्या गटाच्या निम्म्याहूनही कमी होते, पहिल्या दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. शिक्षिका म्हणून मी अशा प्रशिक्षणांना गेलेय. मुलं ऐकणारी नसतात असं धरून आपण सगळं मोठ्यांना शिकवत बसतो. इथे फरक पडला तो मुलांच्या हातात गोष्ट दिल्यावर.

सार्वजनिक उपायांवर कोर्स थोडक्यात बोलतो, पण नेमकं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बाजारातून हटवली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. ‘ठरवलेला माणूस दुसरा मार्ग शोधतोच’ हे म्हणणं मोठ्या प्रमाणावर खरं नाही. तीव्र क्षण टळला की बहुतेक माणसं जगतात. व्हिएन्नामध्ये १९८७ मध्ये वृत्तपत्रांनी मेट्रोतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या थांबवल्या, तेव्हा त्या घटनाही झपाट्याने कमी झाल्या. हे दोन्ही बदल कुणा एकाला ओळखून काढण्याने झालेले नाहीत.

आता तक्रार. एवढं सगळं शिकवून झाल्यावर प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेत काय विचारलंय? पाच काल्पनिक माणसांची वर्णनं, आणि प्रत्येकाला कमी, मध्यम की जास्त धोका ते निवडा! जे करू नका असं चौथ्या भागात सांगितलं, त्यावरच गुण. नवा स्वयंसेवक परीक्षेत जे विचारतात तेच लक्षात ठेवतो, हे शिक्षकी पेशातला कुणीही सांगेल. ‘कमी धोका’ असं उत्तर लिहायची सवय लागलेला हात उद्या खऱ्या फोनवरही तेच लिहील, आणि फॉलोअप यादीतून एक नाव गळेल. मला याची खरोखर काळजी वाटते. परीक्षेत एक कोरा सेफ्टी प्लॅन आणि एक संवाद द्यावा, आणि पुढचा संपर्क कधी, कसा, ते लिहायला लावावं, असं मी आयोजकांना कळवलंय.

दुसरी उणीव मागे राहिलेल्यांची. मुलाखतीतल्या त्या आईचं नंतर काय झालं, तिला कुणी फोन केला का, यावर कोर्स गप्प आहे. आणि स्वतः या अनुभवातून गेलेल्या व्यक्तीचं फक्त एक व्याख्यान आहे, तेही ऐच्छिक. ते ऐच्छिक आहे म्हणून सोडू नका. प्रयत्नानंतर रुग्णालयात सर्वांत जास्त काय टोचलं, तर आपल्याशी न बोलता आपल्याबद्दल बोलणं, हे त्या बाईंनी ज्या संयमाने सांगितलं, त्यानंतरची चर्चा सगळ्या चर्चांत चांगली झाली.

कोर्स करताना एकटीने व्याख्यानांमागून व्याख्यानं पाहू नका. सायकॉलॉजिकल ऑटोप्सीचा भाग जड जातो, त्यानंतर कुणाशी तरी बोलायची सोय ठेवा. जवळचं माणूस अलीकडेच असं गमावलं असेल तर हा कोर्स थोडा नंतर करा. आणि सध्या तुमच्याच मनात असे विचार येत असतील तर आधी जवळच्या माणसाला सांगा, हेल्पलाइनला किंवा डॉक्टरांना फोन करा. आम्ही फोन घ्यायलाच बसलेलो असतो.

पाचपैकी चार गुण. परीक्षा बदलली तर पाच देईन. आयोजकांचं उत्तर आलंय: पुढच्या तुकडीपासून संवादावर आधारित प्रश्न घेण्याचा विचार आहे, नमुना पाठवाल का? मी दोन संवाद लिहायला घेतलेत.